उजेडाआधी अंधार

१९५९ सालच्या ‘कागज के फूल’ या चित्रपटात एक रिकामा फिल्म स्टुडिओ दिसतो. एका बाजूला गुरुदत्त, समोर वहिदा रेहमान, आणि छताजवळून जमिनीपर्यंत तिरपा उतरलेला प्रकाशाचा जाड झोत. गीता दत्तच्या आवाजातलं त्या प्रसंगाचं गाणं जितकं लक्षात राहतं, तितकाच तो झोतही. छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी तो स्टुडिओतल्या दिव्यांच्या भरवशावर उभा केला नाही. मोठे आरसे लावून त्यांनी बाहेरचं ऊन आत वळवलं. दिव्याचा झोत पुढे जाईल तसा फाकतो आणि विरतो. उन्हाचा तसा विरत नाही. एवढ्या एका फरकासाठी केवढा खटाटोप!

आज असा झोत फोटोत घालायला आरसे लागत नाहीत. प्रकाशकिरणांच्या तयार चित्रांचे गठ्ठेच्या गठ्ठे फुकट मिळतात. एक उचलायचा, फोटोवर ठेवायचा, पारदर्शकता जरा वाढवायची, झालं. लग्नाच्या अल्बममध्ये नवरा-नवरीच्या मागे असे किरण हमखास भेटतात. आणि बघणाऱ्याला, त्यानं आयुष्यात कधी माउस हातात धरला नसला तरी, काहीतरी चिकटवलंय हे कळतं. कसं कळतं ते त्याला सांगता येत नाही. ते कशामुळे कळतं आणि कळू नये म्हणून काय करायचं, हा या प्रकरणाचा विषय.

उत्तराचा अर्धा भाग आधीच सांगतो. प्रकाशाचं नाट्य हवं असलं की सगळे उजेड ओतायला धावतात. काम सुरू करायचं असतं दुसऱ्या टोकाकडून. मूर्तींची ती चौकट पुन्हा बघा: बहुतेक पडदा काळा आहे. झोत जाड दिसतो, कारण त्याच्या आजूबाजूला काही नाही.

आपल्या फोटोंची अडचण नेमकी इथे आहे. मोबाइलचा कॅमेरा एका क्लिकमध्ये अनेक फोटो टिपतो, ते एकमेकांत मिसळतो, सावल्या उचलतो आणि खिडकीतला पांढरा भाग आवरतो. कोपऱ्यातला पितळी डबा दिसला पाहिजे, आढ्याचा वासा दिसला पाहिजे, खिडकीबाहेरचं झाडही दिसलं पाहिजे. सगळं दिसतं, आणि म्हणूनच डोळा कुठेच थांबत नाही. अशा फोटोवर किरण चिकटवले तर ते आधीच उजळलेल्या भिंतीवर पडतात आणि धुक्यासारखे दिसतात. उजेडाला जागा हवी असेल तर अंधार आपल्याला परत आणावा लागतो.

अंधार परत आणण्याची ही कला संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. १८५०च्या दशकात काचेवरच्या कलोडियन निगेटिव्हवर फोटो काढत, आणि त्या रसायनाला निळा रंग फार लवकर लागत असे. समुद्र नीट यावा इतका वेळ दिला की आकाश कोरं पांढरं. फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव्ह ल ग्रे यानं त्यावर उपाय काढला: समुद्राची एक निगेटिव्ह, आकाशाची दुसरी, दोन्ही एकाच कागदावर छापायच्या. ढगांतून झिरपणारा प्रकाश आणि खाली फुटणारी लाट एकाच फोटोत पाहून लोक थक्क झाले. फोटोशॉपनं २०२० साली आकाश बदलायची सोय एका बटणावर आणली. ल ग्रेचं काम तेव्हा दीडशेहून अधिक वर्षांचं झालं होतं.

पण या विद्येचा खरा उस्ताद अमेरिकेचा अॅन्सेल अॅडम्स. १९४१च्या शरद ऋतूत तो न्यू मेक्सिकोत गाडीनं परतत होता. हर्नांडेझ नावाच्या खेड्यावर चंद्र उगवला होता आणि मावळतीचं शेवटचं ऊन दफनभूमीतल्या पांढऱ्या क्रुसांवर पडलं होतं. अॅडम्सनं गाडी थांबवली, भलामोठा कॅमेरा उभा केला, पण प्रकाशमापक काही सापडेना. चंद्राची दीप्ती किती असते हे त्याला पाठ होतं. त्यावरून त्यानं मनातल्या मनात हिशेब केला आणि फोटो घेतला. दुसरा घेण्याआधी क्रुसांवरचं ऊन गेलं.

हा किस्सा छायाचित्रणाच्या वर्गात हटकून सांगतात आणि तिथेच संपवतात. पुढचा भाग आपल्या जास्त कामाचा आहे. त्या एका निगेटिव्हवरून अॅडम्स पुढे कित्येक वर्षं प्रती छापत राहिला. त्यांची संख्या हजाराच्या वर आहे. सुरुवातीच्या प्रतींत आकाश करडं आहे आणि वरच्या बाजूला ढगांचे फिकट पट्टे आहेत. वर्षं गेली तसं आकाश गडद होत गेलं. १९७०च्या दशकातल्या प्रतींत ते जवळजवळ काळं आहे, ढगांचे ते पट्टे गडप झालेत, आणि चंद्र असा चमकतो की जणू कुणी नंतर बसवला असावा. चंद्राला अॅडम्सनं हात लावला नव्हता. त्यानं भोवतालचं आकाश बुडवलं होतं. अॅडम्स तरुणपणी पियानोवादक व्हायला निघाला होता. निगेटिव्ह म्हणजे स्वरलिपी आणि छापील प्रत म्हणजे मैफल, असं तो मानायचा. हा फोटो बघताना ते पटतं.

डार्करूममध्ये हे कसं करत? एनलार्जरचा प्रकाश कागदावर जितका जास्त वेळ पडेल तितका तो भाग काळा होतो. चेहरा उजळ राहायला हवा असेल तर तारेला लावलेली पुठ्ठ्याची चकती त्याच्यावर हलवत राहायची, हे डॉजिंग. आकाश काळं करायचं असेल तर हाताची ओंजळ करून बोटांच्या फटीतून तेवढ्याच भागावर जादा प्रकाश सोडायचा, हे बर्निंग. न्यूयॉर्कमधल्या मॅग्नम या संस्थेसाठी प्रती छापणाऱ्या पाब्लो इनिरिओचे खुणा केलेले कागद प्रसिद्ध आहेत. पावसात टाइम्स स्क्वेअरमधून चालणाऱ्या हॉलिवूड नट जेम्स डीनचा डेनिस स्टॉकनं काढलेला फोटो आहे, त्याच्या सरावाच्या प्रतीवर कुठे किती सेकंद वाढवायचे आणि कुठे कमी करायचे याच्या रेषा आणि वर्तुळं अशी काही काढलीत की तो हवामानखात्याचा नकाशाच वाटतो. फोटोशॉपमधल्या डॉज साधनाचं चिन्ह आजही ती काडीवरची चकती आहे, आणि बर्नचं चिन्ह वळलेला हात. थॉमस आणि जॉन नॉल या भावांनी लिहिलेलं फोटोशॉप फेब्रुवारी १९९०मध्ये बाजारात आलं. लेयर म्हणजे थरांची सोय मात्र १९९४च्या तिसऱ्या आवृत्तीत आली, आणि प्रकाशाच्या खेळाला खरी मोकळीक तिनं दिली, कारण तेव्हापासून चूक पुसता येऊ लागली.

आता प्रत्यक्ष एक फोटो घेऊ. कोकणातल्या जुन्या घराचं माजघर. डावीकडे भिंतीत छोटी खिडकी, सारवलेली जमीन, सुपात तांदूळ निवडत बसलेली आजी. सकाळी अकराच्या सुमाराला मोबाइलवर काढलेला. फोटोशॉप असो, फुकटचं गिंप असो, किंवा रॉ फाइलसाठी डार्कटेबल असो, कामाचा क्रम तोच राहतो.

काहीही करण्याआधी फोटोत कोणता प्रकाश आधीपासून आहे ते वाचायचं. नाकाची सावली कुठल्या गालावर आहे? बुबुळातला पांढरा ठिपका कुठे आहे? सुपाच्या काठाची सावली कुठे पडली आहे? आजीचा डावा गाल उजळ असेल आणि तुम्हाला किरण उजवीकडून आणायचे असतील तर त्या फोटोचा नाद सोडा. कोणताही ब्रश नाकाची सावली एका गालावरून दुसऱ्यावर प्रामाणिकपणे नेऊ शकत नाही. आपण नवा सूर्य आणत नसतो. होता त्या प्रकाशाला थोडं बळ देत असतो.

मग अंधार. एक्स्पोजरचा किंवा कर्व्हजचा एक समायोजन-थर घ्या आणि सगळा फोटो दीड-दोन स्टॉप खाली उतरवा. एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा, दोन म्हणजे पाव. फोटो बघवणार नाही इतका गढूळ होईल, घाबरू नका. या थराला मास्क असतो: मास्क पांढरा तिथे थर लागू, काळा तिथे नाही. मोठ्या, मऊ काठाच्या काळ्या ब्रशनं, त्याचा प्रवाह पाच-दहा टक्क्यांवर ठेवून, खिडकीपासून आजीच्या चेहऱ्यापर्यंत आणि सुपापर्यंत हळूहळू हात फिरवा. ब्रश फिरेल तिथे मूळ उजेड परत येतो. म्हणजे आतापर्यंत एक कणही प्रकाश आपण नव्यानं घातलेला नाही, तरी माजघर उजळल्यासारखं वाटू लागतं. कित्येक फोटोंचं काम इथेच संपतं आणि ते इथेच संपवावं.

अंधार करताना एक गोष्ट सहसा राहून जाते. खऱ्या अंधारात रंग फिके पडतात, कारण मंद प्रकाशात डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी नीट काम करत नाहीत. लाल सगळ्यात आधी काळवंडतो. म्हणून काळोखात नेलेल्या भागाचा रंग थोडा उतरवा आणि त्याला किंचित निळसर झाक द्या. हे न करता नुसता काळेपणा वाढवला तर कोपऱ्यातली लाल चादर अंधारातही भडक राहते आणि सगळं बिंग फुटतं.

पुढचा प्रश्न: प्रकाश किती लांबपर्यंत पोचेल? इथे चिकटवलेले किरण हमखास सापडतात. दिवा, समई, कंदील यांचा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. समईपासून एक हातावरच्या चेहऱ्यावर जेवढा उजेड, त्याच्या पाव उजेड दोन हातांवर, आणि एक-नवमांश तीन हातांवर. सूर्य पंधरा कोटी किलोमीटरवर आहे; खिडकीपाशी आणि समोरच्या भिंतीपाशी त्याच्या अंतरात काहीच फरक नाही, म्हणून उन्हाचा पट्टा खोलीच्या या टोकाला जितका प्रखर तितकाच त्या टोकाला. समई रंगवताना उजेड झपाट्यानं मिटवा. ऊन रंगवताना त्याला कडेपर्यंत तसंच राहू द्या. अनेक जण नेमकं उलट करतात: उन्हाचा पट्टा मध्येच विरवतात आणि समईनं सगळा सभामंडप उजळवतात.

प्रकाशाचा रंगही ठरलेला आहे. मेणबत्तीचं रंग-तापमान १९०० केल्व्हिनच्या आसपास, साध्या पिवळ्या बल्बचं सुमारे २७००, दुपारच्या उन्हाचं साडेपाच हजारांच्या आसपास, आणि निळ्या आकाशाखालच्या सावलीचं सात हजारांच्या वर. आकडे पाठ करायची गरज नाही. आकडा लहान तितका प्रकाश तांबूस, एवढं पुरे. महत्त्वाचं हे, की एकाच फोटोत दोन रंगांचे प्रकाश एकत्र नांदतात: उन्हात पिवळसर, सावलीत निळसर. फक्त उजेडाच्या भागाला गरम रंग दिला आणि सावल्या थंड ठेवल्या की तोच प्रकाश दुप्पट तेजस्वी भासतो.

दिव्याच्या प्रकाशाचा याहून चांगला धडा एका मराठी चित्रकारानं देऊन ठेवला आहे. सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचं ‘ग्लो ऑफ होप’ हे जलरंगचित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. हातात समई घेतलेली स्त्री म्हणून ते ओळखलं जातं, आणि बरेच जण ते रविवर्म्याचं समजतात. चित्रातल्या स्त्रीनं एका हातात दिवा धरला आहे आणि दुसऱ्या हाताचा आडोसा केला आहे. ज्योत आपल्याला दिसतच नाही. दिसतात ती आडोशाच्या हाताची आतून तांबूस झालेली बोटं. मांसातून प्रकाश आरपार झिरपताना लालच तेवढा निभावतो, म्हणून ती लाली. खालून येणारा उजेड हनुवटीवर आणि गालावर आहे, आणि लुगड्याच्या चुण्यांत तो क्षणात हरवतो. प्रकाशाचा उगम न दाखवता प्रकाश दाखवायचा असेल तर हे चित्र समोर ठेवून बसावं. कान, बोटांची कडा, झाडाचं कोवळं पान, आत दिवा असलेला कागदी आकाशकंदील: अशा जागी मागून प्रकाश आला की रंग उजळतोच, शिवाय तो तांबूस वा हिरवट होऊन दाट होतो. संगणकावर तिथे नुसता पांढरा ब्रश मारला तर हात मेणाचा दिसतो.

आता झोताकडे वळू, कारण बहुतेकांना तोच हवा असतो.

स्वच्छ हवेत प्रकाशाचा झोत दिसत नाही. प्रकाश आपल्या डोळ्यांत यायला त्यानं कशावर तरी आपटून वळावं लागतं. हवेत धूळ, धूर, धुकं असलं तरच ते होतं. एकोणिसाव्या शतकात जॉन टिंडलनं याचा अभ्यास केला आणि त्या परिणामाला त्याचं नाव मिळालं. जेजुरीला भंडारा उधळला की गडाच्या कमानीतून येणारं ऊन एकदम घट्ट होतं, वारीच्या वाटेवर धुळीत सकाळचे किरण दिसतात, चुलीचा धूर असलेल्या घरात कवडसा दांडा होऊन उभा राहतो. वातानुकूलित हॉलमध्ये पुसून लख्ख केलेल्या काचांमागून तसा दांडा उभा राहत नाही. म्हणून झोत घालण्याआधी स्वतःला विचारायचं: या जागी हवेत काय होतं? उत्तर नसेल तर झोत नको. आपल्या आजीच्या माजघरात चूल आहे, पाखडलेल्या तांदळाचा भुस्सा आहे. इथे झोत शोभेल.

करायची पद्धत सोपी आहे. नव्या रिकाम्या थरावर खिडकीच्या कडांपासून जमिनीवरच्या उन्हाच्या तुकड्यापर्यंत चौकोनी निवड करा, फिकट पिवळा रंग भरा, गॉसियन ब्लरनं कडा मऊ करा, आणि थराचा मिश्रण-प्रकार ‘स्क्रीन’ ठेवा. स्क्रीनचं गणित असं, की दोन्ही थर उलटे करून गुणायचे आणि उत्तर पुन्हा उलटं करायचं. त्यात काळ्याचा परिणाम शून्य होतो आणि उजळ भाग कधीही मर्यादेबाहेर जात नाही. याच गुणामुळे काळ्या पार्श्वभूमीवर काढलेली फुलबाजी किंवा ठिणग्या स्क्रीनमध्ये ठेवल्या की काळं आपोआप गळून पडतं आणि ठिणग्या तेवढ्या राहतात.

पण झोत एकसारखा सपाट असला की तो प्लास्टिकच्या पट्टीसारखा दिसतो. धूळ एकसारखी नसते. ‘क्लाउड्स’ किंवा ‘नॉइज’ फिल्टरनं तयार केलेला ढगाळ पोत मास्कमध्ये टाकून झोत कुठे दाट, कुठे विरळ करा. आजी झोताच्या पलीकडे असेल तर झोत तिच्यावरून जाईल आणि तिच्या लुगड्याचा काळा काठ करडा होईल, कारण मधल्या धुळीचा प्रकाश त्यात मिसळतो. ती झोताच्या अलीकडे असेल तर झोत तिच्यामागे कापला जाईल. बघणाऱ्याला खोली किती खोल आहे ते यावरून कळतं, आणि तयार किरणांचं चित्र वरून ठेवणाऱ्यांच्या हातून नेमकं हेच सुटतं.

झाडांतून येणाऱ्या किरणांसाठी वेगळी युक्ती आहे. फोटोतला पानांमागचा फक्त उजळ भाग निवडून वेगळ्या थरावर घ्यायचा, त्यावर ‘रेडियल ब्लर’चा झूम प्रकार लावायचा, मध्यबिंदू सूर्य असेल तिथे न्यायचा, आणि थर स्क्रीनमध्ये ठेवायचा. गिंपमध्ये हेच ‘झूम मोशन ब्लर’नं होतं. किरण खऱ्या फटींतून निघाल्यामुळे ते खरे वाटतात. ते पंख्यासारखे फाकलेले दिसतील आणि ते बरोबरच आहे: सूर्यकिरण समांतरच असतात, पण लांब गेलेले रेल्वेचे रूळ जसे क्षितिजाशी एकत्र आल्यासारखे वाटतात तसे तेही सूर्यापाशी एकवटलेले दिसतात. त्यामुळे सगळ्या किरणांचा उगम एकाच बिंदूशी मिळालाच पाहिजे. दोन ठिकाणांहून निघालेले किरण म्हणजे दोन सूर्य.

प्रकाश आणला की सावली ओघानं आली. कुणी सावली घालायची विसरत नाही. चुकते ती तिची कड. सूर्य हा बिंदू नसून आकाशात अर्ध्या अंशाची तबकडी आहे, म्हणून सावलीची कड वस्तूपासून लांब जाईल तशी पुसट होते. हिशेब सोपा आहे: अंतराला साधारण १०८नं भागायचं. दोन मीटरवरच्या गजाची सावली जमिनीवर सुमारे दोन सेंटिमीटर पुसट असते, आणि दहा मीटर उंच फांदीची नऊ सेंटिमीटर. पायाशी धारदार आणि डोक्याकडे मऊ, अशी माणसाची सावली हवी. झाडाखालचे कवडसे गोल दिसतात त्याचंही कारण हेच: पानांमधली प्रत्येक बारीक फट सूर्याची प्रतिमा खाली पाडते. सूर्यग्रहणात ते सगळे कवडसे चंद्रकोरीसारखे होतात. जमिनीवर पानांच्या आकाराचे टोकदार उजेडाचे तुकडे रंगवणाऱ्यांनी एकदा दुपारी आंब्याखाली जाऊन बघावं.

आणि परावर्तन. ऊन जमिनीवर पडलं की तिचा रंग घेऊन वर उडतं. तांबड्या कोब्यावरून आलेला प्रकाश आजीच्या हनुवटीखाली तांबूस झाक देईल, सारवलेल्या जमिनीवरून आलेला फारच थोडा आणि मातकट असेल. ‘सॉफ्ट लाइट’ प्रकारातल्या थरावर जमिनीचाच रंग उचलून मंद ब्रशनं हनुवटीखाली आणि सुपाच्या तळाला दोन-तीन हात मारले तरी प्रकाश खोलीत राहायला आल्यासारखा वाटतो.

एक तांत्रिक भाग टाळता येत नाही, म्हणून भराभर उरकतो. आठ बिटच्या चित्रात प्रत्येक रंगाला ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या असतात, आणि त्या प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतात. मधला १२८ हा आकडा निम्म्या उजेडाचा वाटतो, प्रत्यक्षात तो सुमारे २२ टक्के प्रकाशाचा आहे. त्यामुळे आकडे नुसते वाढवत नेले की उजेड निसर्गात वाढतो तसा वाढत नाही. चेहरे भाजल्यासारखे होतात. मोठे बदल शक्यतो रॉ फाइलवर एक्स्पोजरच्या नियंत्रणानं करावेत. तिथे गणित खऱ्या प्रकाशावर चालतं आणि पायऱ्याही १४ बिटच्या कॅमेऱ्यात १६,३८४ असतात. जेपेगमध्ये काळोखातून हळूहळू उजळणारी भिंत रंगवली की पट्टेपट्टे दिसतात. सोळा बिटमध्ये काम करा, आणि शेवटी चिमूटभर नॉइज टाका, पट्टे मोडतात.

लेन्स फ्लेअर या फिल्टरबद्दल माझं मत वाईट आहे. तो फोटोला सिनेमाचा तोरा देतो असा समज आहे. खरा फ्लेअर म्हणजे लेन्सच्या काचांमध्ये प्रकाशाची होणारी उलटसुलट परावर्तनं. कॅमेरे बनवणाऱ्यांनी ती घालवायला काचांवर लेप चढवण्यात कित्येक दशकं घालवली. त्यालाही नियम आहेत. फ्लेअरचे रंगीत ठिपके प्रकाशाच्या उगमातून आणि मूळ चौकटीच्या मध्यातून जाणाऱ्या रेषेवर असतात. रात्रीच्या दिव्यांभोवतीच्या ताऱ्याची टोकं लेन्सच्या छिद्राच्या पात्यांवर ठरतात: सहा पाती तर सहा टोकं, आणि विषम असतील तर दुप्पट, म्हणजे पाचाला दहा. एका दिव्याला सहा टोकं आणि शेजारच्याला चार असलेला फोटो दिसला तर त्यातला एक दिवा विकतचा आहे.

यातलं काही आता यंत्र स्वतः करू लागलं आहे. गूगलच्या पिक्सेल फोनमध्ये २०२० साली आलेल्या ‘पोर्ट्रेट लाइट’नं फोटो काढून झाल्यावर चेहऱ्यावरचा दिवा बोटानं सरकवता येऊ लागला. त्यासाठी ३३१ एलईडी दिवे आणि ६४ कॅमेरे लावलेल्या गोलाकार पिंजऱ्यात माणसांना बसवून एकेका दिव्यानं त्यांचे चेहरे टिपले गेले, आणि त्यावरून संगणकाला शिकवलं गेलं. चेहऱ्यांपुरतं ते कौतुकास्पद आहे. मात्र नथीची सावली, धुराचा झोत, सारवलेल्या जमिनीचा मातकट उजेड यांचा हिशेब अजून बघणाऱ्यानंच ठेवायचा आहे.

आता थोडं सावधगिरीचं. हॅनी फरीद आणि मायका जॉन्सन या संशोधकांनी २००५ साली दाखवून दिलं, की फोटोतल्या दोन व्यक्तींवर प्रकाश कोणत्या दिशेनं पडला आहे हे गणितानं काढता येतं आणि त्यावरून जोडलेला फोटो पकडता येतो. बुबुळातले ठिपकेही साक्ष देतात. दोन माणसं एकाच दिव्याखाली उभी असतील तर ते जुळले पाहिजेत.

पण नुसता काळोख वाढवणंही निरुपद्रवी नसतं. जून १९९४मध्ये खुनाचा आरोप असलेल्या ओ. जे. सिम्प्सनचा पोलिसांनी काढलेला एकच फोटो ‘टाइम’ आणि ‘न्यूजवीक’ या दोन्ही साप्ताहिकांनी मुखपृष्ठावर छापला. ‘न्यूजवीक’नं तो जसाच्या तसा दिला. ‘टाइम’नं कडा काळ्या केल्या आणि चेहरा गडद केला. शेजारी शेजारी ठेवलेली ती दोन मुखपृष्ठं पाहून अमेरिकेत संताप उसळला: खटला उभा राहण्याआधीच एका कृष्णवर्णीय माणसाला अधिक काळा करून अधिक भयंकर ठरवलं होतं. त्या फोटोत नवं काही जोडलं नव्हतं. मुख्य फरक होता तो बर्न केल्याचा. २०१३ साली वर्ल्ड प्रेस फोटोचा सर्वोच्च पुरस्कार मिळालेल्या पॉल हॅन्सनच्या गाझातल्या अंत्ययात्रेच्या फोटोवर, चेहऱ्यांवरचा उजेड फारच सिनेमासारखा आहे म्हणून, जोडकामाचा आरोप झाला. आयोजकांनी मूळ फाइल तज्ज्ञांकडून तपासून घेतली. जोडकाम निघालं नाही, ठिकठिकाणी रंग आणि उजेड-अंधार बदललेला मात्र निघाला. पुरस्कार कायम राहिला, वाद मिटला नाही.

माझा निवाडा साधा आहे. आजीचा फोटो तुमचा आहे, त्यात अॅडम्सच्या आकाशाइतका काळोख भरा. बातमीचा, पंचनाम्याचा, उमेदवाराचा किंवा आरोपीचा फोटो असेल तर चौकटभर एकसारखा उजेड कमी-जास्त करण्यापलीकडे जाऊ नका. काम संपलं असं वाटलं की फाइल एक दिवस बंद ठेवा, दुसऱ्या दिवशी उघडून झोताच्या थराची पारदर्शकता वाढवून तो निम्म्यावर आणा. बहुतेक वेळा तेवढंच पुरतं. आणि मूळ फाइल पुसू नका: वर्ल्ड प्रेस फोटोसारख्या स्पर्धांत अंतिम फेरीत पोचलेल्यांकडून तीच मागतात.